अंड्याचा आकार आणि पिलाचे भवितव्य

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावयाची, म्हणजे खेड्यातील घरात तो एक लहानसा समारंभच असतो. कोपऱ्यात टोपली ठेवतात, तीत गवताचा किंवा कडब्याच्या चुऱ्याचा थर देतात, आणि मग मडक्यात किंवा धान्याच्या कणगीत जपून ठेवलेली अंडी एकेक करून बाहेर काढली जातात. कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव मराठी वाचकाला गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांच्या घराण्याचे गाव म्हणून ठाऊक आहे. २००९ साली स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठही आता तेथेच आहे. परंतु तुरीच्या आणि जोंधळ्याच्या रानांत वसलेल्या त्या परिसरातील घरांच्या अंगणांत, इतर शेकडो गावांप्रमाणेच, कोंबड्या फिरत असतात, आणि त्या टोपलीपाशी बसलेल्या सासू-सुनेपुढे दर हंगामाला एकच प्रश्न उभा राहतो.

सुनेचा विचार व्यवहाराचा असतो. "आत्याबाई, मोठमोठी अंडी बाजारात नेऊ या. त्यांना गिऱ्हाईक चटकन मिळतं. बारकी राहिली ती कोंबडीखाली ठेवू." सासूचे मत नेमके उलट असते. "बारक्या अंड्याचं पिलू बारकं. पहिल्या पावसातच गारठून जायचं." दोघींचेही म्हणणे वाऱ्यावर सोडून देण्यासारखे नाही. एकीपुढे घरखर्चाचे चार पैसे आहेत, तर दुसरीपुढे पुढच्या वर्षीचा कळप. या घरगुती वादात जीवशास्त्रातील एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आईने अंडे किती मोठे घालावे? मोठ्या अंड्यातून येणारे अपत्य खरोखरच अधिक सशक्त असते काय? आणि ते तसे असेल, तर सर्वच प्राणी मोठमोठी अंडी का घालीत नाहीत?

प्रथम अंडे म्हणजे काय ते पाहू. कोंबडीच्या अंड्याच्या वजनापैकी सुमारे दहावा हिस्सा कवचाचा, तीन दशांशांच्या आसपास पिवळ्या बलकाचा, आणि उरलेला, म्हणजे निम्म्याहून अधिक भाग पांढऱ्या बलकाचा असतो. पांढऱ्या बलकात मुख्यतः पाणी व प्रथिने असतात. पिवळ्यात स्निग्ध द्रव्ये, जीवनसत्त्वे आणि क्षार यांचा साठा असतो. एकवीस दिवस बंद कोठडीत वाढणाऱ्या जीवाला बाहेरून काय ते ऊब आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून येणारी हवा एवढेच मिळते. बाकी सारे आईने आधीच आत भरून ठेवलेले असते. म्हणून अंडे ही आईने अपत्याला बांधून दिलेली शिदोरी होय. ती एकदा बांधली की तीत भर घालता येत नाही.

शिदोरी मोठी असली म्हणजे प्रवासी धडधाकट पोचतो, हे कोंबडीच्या बाबतीत मापून पाहता येते. नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाचे वजन हे अंड्याच्या वजनाच्या सामान्यतः दोन तृतीयांश भरते. चाळीस ग्रॅमच्या गावरान अंड्यातून सुमारे सव्वीस-सत्तावीस ग्रॅमचे पिलू निघते, तर साठ ग्रॅमच्या अंड्यातून चाळीस ग्रॅमचे. इतकेच नव्हे, तर कवच फोडण्यापूर्वी एक-दोन दिवस उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढून घेतला जातो. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस दाणापाणी मिळाले नाही तरी पिलू तग धरते. उबवणी केंद्रातील पिले पेट्यांत घालून दूरच्या गावी पाठविता येतात ती याच शिल्लक बलकाच्या जोरावर. मोठ्या अंड्यातील पिलाजवळ ही शिल्लक सामान्यतः अधिक असते. शिवाय लहान शरीराची ऊब लवकर निघून जाते. तेव्हा पावसाळी रात्री इवल्याशा पिलाला गारठा अधिक बाधतो, हे सासूबाईंचे निरीक्षण शास्त्राला धरूनच आहे.

येथे मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. ज्या मादीला उत्तम चारा मिळतो ती मोठी अंडी घालते, आणि तीच पिलांची राखणही चांगली करते. मग पिले जगली ती अंड्याच्या आकारामुळे की आईच्या कर्तबगारीमुळे? हा गुंता सोडविण्यासाठी पक्षिशास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती योजली. त्यांनी निरनिराळ्या घरट्यांतील अंड्यांची अदलाबदल केली. एका मादीची मोठी अंडी दुसरीकडे, दुसरीची लहान अंडी पहिलीकडे. आता आईचे संगोपन आणि अंड्याचा आकार यांची ताटातूट झाली. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा मिलोश क्रिस्ट यांनी २०११ साली घेतला. त्यातून दिसून आले की मोठ्या अंड्याचा लाभ खराच आहे. तो जन्माच्या वेळी सर्वांत ठळक असतो आणि पिलू वाढत जाते तसतसा ओसरत जातो. भरपूर अन्न मिळाले तर लहान अंड्यातील पिलूही मागाहून बरोबरी साधते. परंतु कित्येक प्राण्यांत मृत्यूचा तडाखा बसतो तो आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांतच. जो लाभ पुढे ओसरणारा असतो, तोच त्या थोड्या दिवसांत जीव वाचविणारा ठरतो.

अदलाबदलीच्याही पुढे जाऊन अंड्याचा आकारच बदलून पाहण्याचे धाडस बॅरी सिनर्व्हो या अमेरिकन संशोधकाने केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात त्यांनी सरड्याच्या अंड्यातून बारीक सुईने थोडा बलक काढून घेतला. अशा अंड्यांतून बाहेर आलेली पिले आकाराने लहान निघाली आणि धावण्यातही मंद ठरली. ज्याला पक्ष्यापासून व सापापासून पळून जीव वाचवावयाचा आहे, त्याला मंद गती म्हणजे मृत्यूचे आमंत्रणच. पुढच्याच वर्षी त्यांनी पॉल लिश्ट यांच्यासह उलट प्रयोग केला. मादीच्या अंडाशयातील काही अंडी वाढण्यापूर्वीच नाहीशी केली, तेव्हा उरलेली अंडी नेहमीपेक्षा मोठी झाली. परंतु त्यांतील काही इतकी मोठी झाली की ती मादीला घालताच येईनात. ती मार्गातच अडकून बसली. मोठेपणालाही शरीराची एक मर्यादा असते, ती अशी. आपल्या कुंपणांवर मान हलवीत बसणारा सरडाही या अभ्यासातून सुटलेला नाही. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शानभाग, रड्डेर आणि सैदापूर यांनी त्याच्या अंड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००० साली त्यांनी दाखवून दिले की एका खेपेच्या अंड्यांचे एकूण वजन मादीच्या देहमानावर ठरते. ते वजन किती अंड्यांत वाटावयाचे आणि प्रत्येक अंडे केवढे करावयाचे, यावर मात्र वीण हंगामाच्या कोणत्या टप्प्यात होते त्याचा परिणाम होतो.

या वाटणीतच सर्व प्रश्नाचे मर्म आहे. आईजवळचे द्रव्य मोजकेच असते. अंडी मोठी करावीत तर संख्या घटते, संख्या वाढवावी तर अंडी लहान होतात. ऑक्सफर्डचे डेव्हिड लॅक यांनी १९४७ साली पक्ष्यांच्या अंड्यांच्या संख्येचा प्रश्न याच अंगाने मांडला होता. त्यांचे म्हणणे असे की, जितकी अंडी घातली असता अखेर अधिकांत अधिक पिले जगतील, तितकीच अंडी घालण्याची प्रवृत्ती निसर्गात टिकून राहते. पुढे १९७४ साली स्मिथ आणि फ्रेटवेल यांनी अंड्याच्या आकारासंबंधी हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला. त्यांचा सिद्धांत एका कल्पित हिशेबाने सहज समजण्यासारखा आहे.

समजा, एका मादीजवळ अंड्यांसाठी सहाशे ग्रॅम द्रव्य आहे. तिने तीस ग्रॅमची अंडी घातली तर ती वीस होतील. अंडी लहान असल्यामुळे चारांत एक पिलू जगते असे धरले, तर पाच पिले वाचतील. चाळीस ग्रॅमची घातली तर पंधरा अंडी होतील. त्यांत पाचांत दोन जगतात असे धरले, तर सहा पिले हाती लागतील. साठ ग्रॅमची घातली तर दहाच अंडी होतील. निम्मी जगली तरी पुन्हा पाचच. पिलाच्या दृष्टीने साठ ग्रॅमचे अंडे सर्वांत चांगले, कारण त्यात जगण्याची आशा सर्वांत अधिक. आईच्या दृष्टीने मात्र चाळीस ग्रॅमचे अंडे उत्तम, कारण तिच्या पदरात अखेर सहा पिले पडतात. आकार वाढविल्याने लाभ होतो, परंतु प्रत्येक वाढीगणिक तो कमी कमी होत जातो. एक वेळ अशी येते की, आणखी थोडा बलक याच अंड्यात घालण्यापेक्षा त्यातून आणखी एक अंडे करणे आईला अधिक फायद्याचे पडते.

याचा अर्थ असा की, आई व अपत्य यांचे हित पूर्णपणे एक नसते. हे ऐकावयास कठोर वाटेल. परंतु सिगुर्ड एनुम आणि इयन फ्लेमिंग यांनी २००० साली अटलांटिक महासागरातील साल्मन माशावर केलेल्या प्रयोगात नेमके हेच आढळले. एकाच मादीच्या लहान आणि मोठ्या अंड्यांची तुलना केली असता मोठ्या अंड्यांतील पिले अधिक वाढली व अधिक जगली. तरीसुद्धा माद्यांची अंडी पिलांना सर्वांत हितकर अशा आकाराची नसून, आईच्या एकूण संततीच्या दृष्टीने हितकर अशा आकाराच्या जवळपास होती. प्रत्येक अपत्याला थोडे कमी देऊन अपत्ये अधिक करावीत, असाच तो कौल होता.

मग सर्व प्राण्यांसाठी एकच उत्तम आकार का ठरत नाही? कारण पिलू ज्या जगात पाऊल टाकते ते सर्वत्र सारखे नसते. जलाशयांत सोडली जाणारी रोहू एका विणीत लाखो अंडी सोडते. प्रत्येक अंडे मोहरीच्या दाण्याएवढे. तिच्या पिलांना पावसाळी पाण्यात सूक्ष्म अन्न विपुल मिळते, परंतु कोणत्या पिलाला कोण गिळील याला धरबंध नाही. अशा ठिकाणी थोडा मोठा देह फारसे रक्षण करीत नाही. संख्या हाच आधार असतो. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर येणारी समुद्री कासवी वाळूत शंभर-सव्वाशे अंडी पुरते आणि पाठ फिरवून समुद्रात निघून जाते. तिचे पिलू पन्नासएक दिवसांनी एकटेच वाळू उकरून वर येते आणि स्वतःच लाटांकडे धावते. त्या धावेपुरते आणि पहिल्या पोहण्यापुरते बळ त्याला अंड्यातूनच मिळावे लागते. म्हणून कासवीचे अंडे माशाच्या अंड्यासारखे मोहरीएवढे असून भागत नाही.

पक्ष्यांतही असाच भेद आहे. कबुतराचे पिलू आंधळे, उघडे आणि असहाय जन्मते. आईबाप त्याला आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारे दुधासारखे द्रव्य भरवितात. म्हणून कबुतराच्या अंड्यात बलक कमी असला तरी चालतो. कोंबडीचे पिलू मात्र जन्मल्या दिवशीच पायावर उभे राहून टिपू लागते, तेव्हा त्याच्या अंड्यात बलकाचे प्रमाण अधिक असते. न्यूझीलंडमधील किवी या न उडणाऱ्या पक्ष्याने या दिशेने टोक गाठले आहे. त्याचे एक अंडे मादीच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके भरते, आणि पिलू बाहेर आल्यावर काही दिवस त्या बलकावरच गुजराण करते.

एकच मादी परिस्थिती पाहून अंड्याचा आकार बदलते, असेही दिसून आले आहे. कलबुर्गीचा मुलूख तुरीसाठी प्रसिद्ध. साठविलेल्या तुरीच्या दाण्यावर पांढरे ठिपके दिसू लागले की घरधनीण समजते, भुंगा लागला. ते ठिपके म्हणजे भुंग्याच्या मादीने चिकटविलेली अंडी असतात. अळी अंड्याखालूनच दाणा पोखरून आत शिरते. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतातील रुक्ष भागात याच कुळातील एक भुंगा रानझाडांच्या बियांवर राहतो. चार्ल्स फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले की, जेथे बीचे टरफल अळीला सहज भेदता येते अशा बाभळीच्या जातीवर ही मादी पुष्कळ पण लहान अंडी घालते. परंतु जिचे टरफल भेदता भेदता बहुतेक अळ्या मरून जातात, अशा दुसऱ्या झाडाच्या बीवर ती थोडी पण मोठी अंडी घालते. मोठ्या अंड्यातील अळीच तेथे आत शिरून जगण्याची आशा असते. त्या इवल्या किड्याला विचारशक्ती आहे असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या माद्यांचे शरीर असे वळण घेऊ शकले त्यांचीच संतती उरली, एवढाच त्याचा अर्थ.

थोडी अंडी घालण्याच्या मार्गातील धोका पाहावयाचा असेल तर फार दूर जावयास नको. आळंदहून सोलापूरकडे गेले की पलीकडे नान्नजचे माळरान लागते. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली तेथे अभयारण्य घोषित झाले. माळढोकाची मादी सामान्यतः एका वेळी एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आपली सारी पुंजी ती एकाच पिलावर लावते. विस्तीर्ण माळ, थोडे शत्रू आणि दीर्घ आयुष्य असे जोवर होते, तोवर हा हिशेब जमत होता. पण माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आडव्या आल्या, कुत्रे वाढले, आणि एकेक अंडे किंवा एकेक मादी नाहीशी होणे म्हणजे न भरून येणारी हानी ठरू लागली. आज सबंध देशात हा पक्षी दीडशेच्या आसपासच उरला असल्याचे सांगितले जाते. राजस्थानात जैसलमेरजवळ सम येथे २०१९ पासून रानातील अंडी आणून, यंत्रात उबवून पिले वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत. ज्या जातीने अंड्यांची संख्या न वाढविता प्रत्येक अंड्याची प्रतिष्ठा वाढविली, तिला बदललेल्या जगात माणसाच्या हातांचा आधार घ्यावा लागत आहे.

माणसाचा हात मध्ये आला म्हणजे मात्र हिशेबही बदलतो. कॅनडातील डॅनियल हीथ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली असे प्रतिपादन केले की, मत्स्यबीज केंद्रात वाढविलेल्या साल्मन माशांची अंडी थोड्याच पिढ्यांत लहान होत गेली. केंद्रात अन्न तयार, शत्रू नाही. लहान अंड्यातील पिलूही सुखाने जगते. मग अधिक अंडी घालणाऱ्या मादीचीच संतती वाढते. पण तीच पिले नदीत सोडली की त्यांचा दुबळेपणा उघडा पडण्याचा संभव असतो. हा निष्कर्ष सर्वच अभ्यासकांनी निर्विवाद मानलेला नाही. तरीही त्यातील इशारा दुर्लक्षण्याजोगा नाही.

तोच इशारा अंगणातील टोपलीलाही लागू पडतो. अंड्याचे वजन हा कोंबड्यांत बऱ्याच अंशी वारशाने येणारा गुण आहे. दर वर्षी मोठी अंडी बाजारात गेली आणि बारकी तेवढी खुडूक कोंबडीखाली राहिली, तर घरधनीण नकळत लहान अंड्यांचीच निवड करीत असते. आजची चार पैशांची मिळकत उद्याच्या कळपातून वजा होत जाते. तथापि प्रत्येक लहान अंडे वाईट जातीचे असते असेही नाही. तलंगेची पहिली अंडी लहानच असतात. तिचे वय वाढले की ती मोठी होतात. वैशाखात उन्हाने जीव कासावीस झाला की कोंबडी कमी खाते, आणि मग अंडीही लहान व पातळ कवचाची निघतात. तेव्हा तलंगेची पहिलीवहिली अंडी आणि कडक उन्हाळ्यातील अंडी उबवणीला न ठेवणे हेच इष्ट.

परंतु सर्वांत मोठे अंडे सर्वांत चांगले, हा समजही तितकाच चुकीचा. फार मोठ्या अंड्याचे कवच बहुधा पातळ असते, ते तडकण्याचा संभव अधिक, आणि त्यातून पिलू निघण्याचे प्रमाण घटते. दोन बलकांचे अंडे तर बहुतेक फुकटच जाते. शिवाय गावरान कोंबडीच्या अंगाखाली दहा-बारा अंडी नीट झाकली जातात. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज जातीची कोंबडी मोठी अंडी देते, पण ती स्वतः खुडूक बसत नाही. म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. अशा वेळी संख्या थोडी कमी ठेवणेच शहाणपणाचे, नाहीतर कडेची अंडी गार पडून वाया जातात. येथेही आकार आणि संख्या यांची ओढाताण आहेच.

याप्रमाणे सासू आणि सून यांच्या वादाचा निवाडा मध्यावर होतो. बाजारासाठी अगदी मोठी अंडी नेण्यास हरकत नाही. अगदी बारकी घरात खाण्यासाठी ठेवावीत. चांगल्या वाढलेल्या कोंबडीची, त्या जातीच्या मानाने मध्यम किंवा त्याहून किंचित मोठी, घट्ट कवचाची, ताजी आणि स्वच्छ अंडी टोपलीत ठेवावीत. माशाने, सरड्याने, भुंग्याने आणि माळढोकाने आपापला हिशेब लाखो वर्षांच्या कसोटीतून बसविला आहे. अंगणातील कोंबडीचा हिशेब मात्र आता माणसाच्या हाती आहे, आणि एकवीस दिवसांनी कवच फोडून बाहेर येणाऱ्या पिलाचे भवितव्य टोपली भरणाऱ्या हातानेच बऱ्याच अंशी ठरविलेले असते.